काटा वर चढतच नाही, थंडीमुळे की दुसरं काही?

निफाडकर_07:
मंडळी, 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1 लाख 10 हजार किमी झालेत. सकाळी साडेसहाला निफाडहून नाशिकला निघतो आणि सध्या थंडी अशी की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ आलीये. चांदोरी गेली तरी टेम्परेचरचा काटा खालीच, हीटर लावला तर नुसतं कोमट वारं, अ‍ॅव्हरेज 17 चं 14 झालंय. गंमत म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा वर सरकतो, मोकळा रोड लागला की परत खाली. गॅरेजवाला म्हणतो थंडीने होतं, चालवत राहा. खरंय का?

पुठ्ठेबहाद्दर:
रेडिएटरसमोर पुठ्ठा लावा, विषय संपला. आमच्या वडिलांच्या जीपला दर थंडीत असायचा. (एकदा काढायचा राहिला आणि कसारा घाटात वाफच वाफ, ते सोडा)

पान्हा_बारा:
पुठ्ठा नको राव. आणि थंडीने तापायला थोडा उशीर होईल, पण तापलेली गाडी पळताना गार कशी पडेल? तुमचा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय असं वाटतंय. त्यात मेण असतं, साधारण 82 ते 88 डिग्रीला ते वितळून फुगतं आणि व्हॉल्व उघडतो, तोपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, इंजिनातच फिरायला पाहिजे. तुमचं पहिल्यापासून रेडिएटरमध्ये जातंय, वर समोरून गार वारा. आधी गार इंजिनावर कूलंटची लेव्हल बघा, कमी असलं तरी हीटर कोमट लागतो. मग गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला अधूनमधून हात लावा, फॅनपासून लांब राहून. बराच वेळ गार राहून एकदम तापला तर ठीक, सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट गेला.

स्कॅनरवेडा:
सेन्सर पण खोटं बोलू शकतो, पण मग हीटर तरी कडक लागला असता. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवतो) लावून टेम्परेचरचा आकडाच बघा, पी0128 कोड आला तर इंजिन वेळेत तापत नाही असा अर्थ. इंजिन गार आहे म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज तिथेच चाललंय.

निफाडकर_07:
पाइप दोन मिनिटांत कोमट. स्कॅनरवर उभ्या गाडीत 71 डिग्री, रोडवर 58. रविवारी चुलतभावाला घेऊन थर्मोस्टॅट बसतो ते हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही!! मे महिन्यात गाडी तापत होती तेव्हा एका गॅरेजमध्ये "आता कधी तापणार नाही" म्हणून 1200 रुपये घेतले होते, ते हे काम.

पान्हा_बारा:
हाहा, जुना धंदा आहे हा. नवा टाका, सोबत सील पण नवं, आणि कूलंट भरल्यावर हवा नीट काढा. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकून बघा उघडतो का. पण मेमध्ये गाडी का तापत होती ते शोधा आधी, नाहीतर थर्मोस्टॅट बसला की ते दुखणं परत वर येणार. रेडिएटरचा फॅन चालतोय का?

निफाडकर_07:
पातेलं द्यायला आईने साफ नकार दिलाय, जुन्या डब्यात उकळतो. आणि फॅन आत्ताच बघून आलो, एसी लावून दहा मिनिटं उभा होतो, फिरतच नाहीये.