‘गिफ्ट’ : विष, भेट आणि लग्न
जर्मन ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि इंग्रजी ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, हा निव्वळ योगायोग, असं म्हटलं जातं. ते मला पटत नाही. दोन्ही शब्द ‘देणे’ या अर्थाच्या एकाच धातूतले. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, शब्दशः ‘देणं’. लॅटिनमार्गे ती कल्पना जर्मनमध्ये उतरली आणि ‘दिलेली मात्रा’ हळूहळू विषावर येऊन ठेपली. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’मध्ये, म्हणजे हुंड्यात, अजून शाबूत आहे.

स्वीडिशमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही! तिथेही मूळ देण्याचंच, आपल्या कन्यादानासारखं. आणि डॉक्टर देतात तो ‘डोस’ याच ‘दोसिस’मधून आलाय, संस्कृत ‘दा’ धातूचा, म्हणजे आपल्या ‘दाना’चा तो जवळचा नातलग.