सहीला 'नाही' म्हणायचा हक्क असावा का? (अमेरिकेतले इलेक्टर आणि राज्यांची प्रमाणपत्रं)

मिशिगनकर

डेट्रॉइटजवळ राहून बरीच वर्षं झाली. दर चार वर्षांनी गावाकडून एकच फोन येतो : राष्ट्राध्यक्षाचा निकाल तर त्याच रात्री टीव्हीवर लागला, मग पुढे दोन महिने तुमचं चाललंय काय?

चालतं ते असं. टीव्हीवरचा निकाल हा वृत्तसंस्थांचा अंदाज. आपल्याकडच्या निवडणूक आयोगासारखं देशभरची मतं मोजून विजेता जाहीर करणारं खातं इथे नाही. राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देतात ते इलेक्टर, म्हणजे राज्यांचे प्रतिनिधी. राज्यघटनेने ते नेमायचं काम राज्यांवर सोपवलंय, आणि प्रत्येक राज्याची रीत वेगळी. आमच्याकडे मिशिगनमध्ये आधी काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) चौघांचं मंडळ, दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. मतदानानंतर १४ दिवसांत आकडे तपासून त्यांनी सही करायची. मग राज्याचं मंडळ, तेही चौघांचंच. त्यानंतर गव्हर्नर इलेक्टरांची नावं आणि मिळालेली मतं लिहिलेलं प्रमाणपत्र काढतो, त्यावर राज्याची मोहोर लागते आणि ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातं. डिसेंबरात इलेक्टर राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला, जमून मत देतात. ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ती मतं मोजते.

२०२० मध्ये वेन काउंटीच्या मंडळात (डेट्रॉइट याच काउंटीत) दोन विरुद्ध दोन झालं आणि सही अडली. काही तास लोक ऑनलाइन सभेत संतापून बोलत राहिले, मग त्याच रात्री चौघांनीही होकार दिला. राज्यात डेमोक्रॅट बायडेन रिपब्लिकन ट्रम्प यांच्या दीड लाखाहून जास्त मतांनी पुढे होते!

माझं मत सरळ आहे. या मंडळाला बेरीज तपासायचा अधिकार असावा, नाही म्हणायचा नसावा. २०२२ मध्ये आमच्या मतदारांनी राज्यघटनेतच तसं लिहून घेतलं, आणि मी त्याला मत दिलं.

हिशेबनीस

धागा आवडला, मत पटलं नाही. मी आयुष्यभर ऑडिट केलं. ताळा जुळला नाही तर मी सही करत नाही, मग समोरचा कितीही मोठा असो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत काय? मग रबरी शिक्काच ठेवा ना टेबलावर, दोन-दोन पक्षांची माणसं कशाला बसवता?

आणि त्या रात्री नकाराला कारण होतं. डेट्रॉइटच्या बऱ्याच केंद्रांवर वहीतली मतदारांची संख्या आणि मतपत्रिकांची संख्या जुळत नव्हती. हे तुम्ही धाग्यात सोयीस्करपणे गाळलंत.

मिशिगनकर

गाळलं, मान्य. पण पुढचंही सांगतो. हे फरक बहुतेक ठिकाणी एक-दोन मतांचे होते : कोणी रांगेत नाव नोंदवून मत न देता निघून गेलं, कोणाची नोंद राहिली. २०१६ मध्येही डेट्रॉइटच्या कितीतरी केंद्रांवर हाच घोळ होता. तेव्हा ट्रम्प राज्यात फक्त १०,७०४ मतांनी जिंकले होते, आणि सही झाली. मग २०२० मध्येच ताळा कसा आठवला?

वाळवंटातली

मिशिगनकरांना +१. आमच्या ॲरिझोनाचा किस्सा. ३० नोव्हेंबर २०२० ला रिपब्लिकन गव्हर्नर डग ड्यूसी कॅमेऱ्यासमोर कागदांवर सह्या करत होते. खिशातला फोन वाजला, तोही व्हाइट हाउससाठी लावलेल्या खास रिंगटोनवर. त्यांनी फोन काढला, गप्प केला, बाजूला ठेवला आणि पुढच्या कागदावर सही केली. राज्यात बायडेन जिंकले होते फक्त १०,४५७ मतांनी.

दोन वर्षांनी आमच्याच कोचीस काउंटीत मंडळाच्या बहुमताने मुदतीत सही केली नाही. शेवटी कोर्टाने बजावलं तेव्हा केली. गंमत म्हणजे ती काउंटी रिपब्लिकनांची. तिथली सुमारे ४७,००० मतं गळली असती तर नुकसान कोणाचं झालं असतं? नाक कोणाचं कापलं जाणार हेसुद्धा न बघता सुरी काढली होती.

आडवाटेचा_वाटसरू

सगळे २०२० लाच चिकटलेत. जरा हवाईला जाऊ. १९६० मध्ये तिथे आधी रिपब्लिकन निक्सन १४१ मतांनी पुढे होते आणि कार्यवाहक गव्हर्नरने त्यांच्या इलेक्टरांच्या प्रमाणपत्रावर सही केली. फेरमोजणी चालूच होती. १९ डिसेंबरला दोन्ही पक्षांचे इलेक्टर जमले, दोघांनीही मतं दिली आणि पाठवून दिली. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी जिंकले. नव्या सहीचं नवं प्रमाणपत्र निघालं. ६ जानेवारीला मोजणीच्या अध्यक्षस्थानी कोण, तर उपराष्ट्राध्यक्ष निक्सनच. त्यांनी स्वतःविरुद्धची मतं मोजायला सांगितली, वर हा पुढच्यांसाठी पायंडा समजू नये असंही म्हणाले.

म्हणजे पहिली सही चुकीची होती! डेमोक्रॅट इलेक्टर त्या दिवशी विनाप्रमाणपत्र जमले नसते तर केनेडींची मतं कुठून आली असती? मग २०२० मध्ये ट्रम्प हरलेल्या सात राज्यांत रिपब्लिकन इलेक्टर म्हणून जमले तर ते बनावट, आणि हवाईचे ते दूरदर्शी? मिशिगनच्या अशा सोळांपैकी पंधरा जणांवरचा खटलाही सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी काढून टाकला.

कायद्यातला_नाही

हवाईचं उदाहरण चांगलं, पण उलट्या बाजूने वापरताय. हवाईत फेरमोजणी खरोखर चालू होती आणि ती कोर्टाच्या देखरेखीखाली. २०२० च्या १४ डिसेंबरला मिशिगनमध्ये काय चालू होतं? पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिकोवाल्यांनी निदान कागदावर 'पुढेमागे आम्हीच ठरलो तर' अशी अट लिहिली. बाकी पाच राज्यांत थेट 'आम्हीच निवडून आलेले' असं लिहून सह्या. आणि खटला निघाला म्हणजे कागद खरा ठरला असं होत नाही.

मला हवाईत उलटंच दिसतं. सही अडवायची गरज कोणालाच पडली नाही. चुकीची सही झाली, मोजणीने चूक दाखवली, सही बदलली. २०२२ च्या देशाच्या नव्या कायद्यानेही हाच रस्ता ठेवलाय : इलेक्टर जमायच्या सहा दिवस आधी राज्याचं प्रमाणपत्र निघायचं, ते कोर्टाने बदलायला लावलं तर बदललेलं चालतं, वादाला तीन न्यायाधीशांचं झटपट कोर्ट. काँग्रेसमध्ये आक्षेप घ्यायला पूर्वी दोन्ही सभागृहांतला एकेक सदस्य पुरायचा, आता दोन्हीकडे एक-पंचमांश लागतात.

हिशेबनीस

कोर्ट, कोर्ट, कोर्ट. २००० मध्ये फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे असताना सर्वोच्च न्यायालयानेच फेरमोजणी थांबवली, विसरलात? मुदत संपली म्हणून! सही आधी, शंका नंतर, आणि शंकेला वेळच नाही.

मिशिगनकर

फ्लोरिडाचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मंडळांच्या हातात नकार दिला की काय होतं तेही बघा. १८७६ मध्ये लुइझियानाच्या मंडळाने स्वतःच्या अखत्यारीत हजारो मतं बाद केली. तीन दक्षिणी राज्यांतून दोन-दोन निकाल वॉशिंग्टनला पोचले आणि शेवटी पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात असा राष्ट्राध्यक्ष ठरवला. इलेक्टरांची मतं १८५ विरुद्ध १८४. तेही ऑडिटच म्हणत होते.

चहाबाज

मधेच शंका. हिशेबनीस, ऑडिटरला ताळा जुळला नाही तर शेरा मारून सही करता येते ना? मग या मंडळांना शेऱ्याची सोय का नाही?

मिशिगनकर

वेन काउंटीत तेच झालं होतं की. चौघांनी होकार दिला आणि सोबत त्या केंद्रांचं ऑडिट करा अशी मागणी ठरावात घातली.

हिशेबनीस

शेरा मारून सही, हे मला चालेल. पण मग पुढचंही सांगा ना. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या दोघांनी सही मागे घ्यायची म्हणून प्रतिज्ञापत्रं दिली, त्यांचं काय झालं?

मिशिगनकर

काही नाही. सही मागे घ्यायची तरतूदच नाही कायद्यात. कागद तोवर लॅन्सिंगला गेला होता.