ऑक्टाव्हिया आरएस २४५ ला हलकी मॅगव्हील: १७, १८ की १९?

आरएस_राजारामपुरी

रामराम मंडळी. माझी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे, २०२० सालची. भारतात दोनशेच आल्या, त्यातली ही एक. मी दुसरा मालक. गाडीवर माझा जीव आहे हे आधीच सांगतो, म्हणजे "साधी रिम टाक आणि चालव" असं कुणी लिहायला नको.

डिसेंबरात गगनबावड्याहून रात्री परत येताना कळ्याच्या अलीकडं पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी डावीकडं घेतली आणि पुढचं चाक साईडपट्टीच्या तुटलेल्या कडेवरनं खाली आपटलं. टायर वाचला, पण रिमची आतली कड दबली. दोन दिवसांत चार-पाच पीएसआय हवा उतरायला लागली. टायर काढून बघितला तर दबलेल्या जागी केसाएवढी चीर.

उद्यमनगरात एक आर्गन वेल्डिंगवाले म्हणाले, भरून देतो, सरळही करून देतो. दुसरीकडं शहरातल्या एका दुकानात १९ इंची मॅगव्हील दाखवली. एका नावाजलेल्या जपानी डिझाइनची नक्कल, आणि कंपनीच्या दोन रिमच्या पैशात चार. दिसायला लई भारी.

चुलत्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. रवे तोलायच्या काट्यावर सगळं ठेवून बघितलं. कंपनीची १८ ची नुसती रिम १२.१ किलो, टायरसकट २१.८. दुकानातनं नमुन्याला आणलेली १९ ची रिम १३.९. म्हणजे पैसे घालून गाडी जड करायची. तिथंच माझं मन फिरलं.

आता हलकीच चाकं घ्यायची असं ठरवलंय. १८ मध्येच नऊ किलोच्या आसपासची फ्लो फॉर्म्ड (मागची नळी रोलरनं दाबून केलेली) घेऊ, की १७ वर येऊन जाड टायर घालू? पिकअपमध्ये किती फरक पडेल? चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीवरचे दहा किलो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, ते खरं का? रोज राजारामपुरी ते कागल एमआयडीसी, आणि महिन्यातनं दोन रविवार घाट.

फोंड्याचा_वळणवाला

दहा किलोची गोष्ट डोक्यातनं काढा. चाक गाडीबरोबर पुढं जातं आणि स्वतःभोवती फिरतंही, म्हणून त्याचं वजन दोनदा मोजलं जातं. पण टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवरचा एक किलो फार तर दोन किलोएवढा लागतो. रिमचं बरंचसं वजन त्याच्या आत असतं, तिथं हिशेब दीडच्या आसपास येतो. चाकामागं तीन किलो वाचले तर चारांचे बारा, म्हणजे पिकअपला साधारण अठरा किलो उतरल्यासारखं. तुमची गाडी साडेचौदाशे किलोची. मागच्या सीटवरचं सहा वर्षांचं पोर उतरलं की जेवढा फरक पडेल तेवढा. घड्याळात तो दिसणार नाही.

पण स्टेअरिंगमध्ये दिसेल, आणि खरी कमाई तीच. खड्ड्यातनं उसळलेलं जड चाक परत रस्त्याला टेकायला वेळ घेतं, तेवढा वेळ टायरला पकडच नसते. हलकं चाक शॉकअब्सॉर्बरला लवकर आवरतं. माझ्या पोलो जीटी टीएसआयला चाकामागं अडीच किलो कमी केले. आंबोलीच्या चढाला वळणात रस्ता फुटलेला असला की पूर्वी पुढचं टोक बाहेर सरकायचं. आता गाडी धरलेली रेघ सोडत नाही.

माझं मत १७ ला. २२५/४५ आर १७ चा एकूण व्यास तुमच्या २२५/४० आर १८ पेक्षा तीनच मिलिमीटरनं कमी, त्यामुळं स्पीडोमीटर बिघडत नाही. आणि टायरची भिंत अकराएक मिलिमीटरनं वाढते. आपल्या रस्त्यांना ती लागतेच.

शिरोली_ओतकाम

मी शिरोली एमआयडीसीत अॅल्युमिनियम फाउंड्रीत बावीस वर्षं काढली. मॅगव्हील आम्ही ओतत नाही, पण धातू तोच आणि त्याची दुखणीही तीच. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ती चीर वेल्ड करू नका. बहुतेक ओतीव रिम सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या अॅल्युमिनियमची असते, आमच्यात तिला ए३५६ म्हणतात. ओतल्यावर ती ५४० अंशांच्या आसपास भट्टीत काही तास धरतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-एकशेसाठ अंशांना पुन्हा मुरवतात. याला टी-६ म्हणतात. रिमची निम्मी ताकद ओतण्यात आणि निम्मी या मुरवण्यात. आर्गनची ज्योत लागली की चिरेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो. वरनं पॉलिश मारून कळतही नाही. हवा धरेल, पण पुढच्या खड्ड्याला वेल्डच्या शेजारून फुटेल, आणि हे पुढचं चाक आहे. वेल्डिंगवाल्याचा हात कितीही सफाईचा असो, दोष धातूचा आहे.

दुसरं, त्या नकली १९ बद्दल. वितळलेलं अॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातनं हायड्रोजन ओढून घेतं. नायट्रोजन किंवा आर्गनचे बुडबुडे सोडून तो काढला नाही, तर गोठताना आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. चांगला कारखाना प्रत्येक रिम एक्स-रेखाली घालतो. ज्याचा या कामावर भरवसा नाही, तो भिंत जाड ठेवून ताकद भरून काढतो. तुमच्या काट्यावर १३.९ दिसले, त्यात हे बसतं. आणि स्वस्त असूनही हलकी असेल तर मला जास्त भीती वाटते.

फ्लो फॉर्मिंगमध्ये पुढचा भाग, म्हणजे आरे, ओतीवच असतो. मागची नळी मात्र गरम असताना फिरवत रोलरनं दाबून लांबवतात. धातू दाटतो, त्याचे कण लांबीच्या दिशेनं पसरतात, त्यामुळं पातळ भिंतही टिकते. तुमची रिम जिथं चिरली, ती आतली कड याच नळीची. म्हणून आपल्याकडं फ्लो फॉर्म्डचा पैसा वसूल होतो. फोर्ज्ड म्हणजे तापवलेला गोळा हजारो टनांच्या प्रेसखाली दाबून घडवलेला. ती सर्वांत चिवट, मार बसला तर फुटण्याआधी वाकते. बजेट असेल तर घ्या. रेज या जपानी रिम कंपनीच्या टीई ३७ चं नावच मुळात १५ इंची रिमच्या ३.७ किलो वजनावरनं आलं, १९९६ साली. घडीव धातूची ही कमाल आहे.

घेताना रिमच्या मागं जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे रिमच्या तपासणीचे जपानी शिक्के बघा, आणि भार किती किलोचा लिहिलाय ते बघा. चारांच्या बेरजेवर जाऊ नका. जास्त भार घेणाऱ्या अॅक्सलच्या कमाल वजनाच्या निम्म्यापेक्षा एका रिमचा भार वरच हवा. भार लिहिलेलाच नसेल तर दुकानातनं बाहेर पडा.

राहिलेल्या तीन रिमही घेऊन या. आमच्याकडं डीपी टेस्टचं सामान आहे. लाल रंग मारायचा, पुसायचा, वरनं पांढरी पावडर फवारायची. चीर असली तर लाल रेघ उमटते. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे नकोत.

इचल_गॅरेज

ओतकामवाल्या दादांना नमस्कार, हे सगळं छापून गॅरेजला लावायला हवं.

मी फक्त मापं सांगतो. पीसीडी ५×११२, म्हणजे पाच बोल्ट ११२ मिमीच्या वर्तुळावर. हबचं बोअर, म्हणजे मधलं भोक, ५७.१ मिमी. बाहेरच्या रिमचं बोअर बहुतेक मोठं असतं, तिथं अचूक मापाची रिंग बसवाच, नाहीतर शंभरच्या पुढं स्टेअरिंग थरथरतं आणि टायरवाला बॅलन्सिंग करून थकतो.

तुमच्या कंपनीच्या रिमा साडेसात इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) ५१ मिमी. आठ इंची ऑफसेट ४५ घेतली तर बाहेरची कड सुमारे १२ मिमी बाहेर येते, आतली जवळपास जागेवर राहते. हे चालतं. ती १९ ची साडेआठ इंची आणि ऑफसेट ३५ ची असेल, दुकानात बहुधा तीच असते, तर जवळजवळ २९ मिमी बाहेर. चार माणसं बसून घाटात दाबली की मडगार्डला टायर घासणारच.

सगळ्यांत महत्त्वाचं बोल्ट. स्कोडाच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या रिमांना बरेचदा तिरकस बुडाचे लागतात. जुने बोल्ट तिरकस खाचेत कडेवरच टेकतात आणि चालता चालता सैल होतात. एम१४×१.५, लांबी तपासून, नव्या रिमच्या खाचेचेच घ्या. १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्यानं आवळा, एअर गननं नको. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

१७ घेणार असाल तर आधी ब्रेकच्या कॅलिपरला जागा आहे का बघा. तुमच्या पुढच्या डिस्क मोठ्या आहेत. शाडूची चिमूट कॅलिपरवर लावा, रिम चढवा, हातानं एक फेरा फिरवा.

विमा कंपनीला लेखी कळवायला विसरू नका.

आरएस_राजारामपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

शनिवारी शिरोलीला गेलो. चिरलेल्या रिमवर लाल रेघ चांगली चार सेंटिमीटर निघाली, डोळ्याला दिसत होती त्याच्या दुप्पट. आणि जिला आम्ही धडधाकट समजत होतो त्या मागच्या उजव्या रिमवरही आतल्या कडेला एक बारीक रेघ. तीवर मी दीड वर्ष घाट चढलोय. अंगावर काटा आला.

बापट कॅम्पमधनं शाडू आणला. मित्राची १७ ची रिम चढवून बघितली, एका आऱ्यानं शाडू दीड मिलिमीटरपर्यंत दाबला. दुसऱ्या डिझाइनची बसेलही, पण एक-एक मागवून बघण्यात अर्थ नाही. म्हणून १८ × ८, ऑफसेट ४५, फ्लो फॉर्म्ड नक्की केली. भार ६९० किलो लिहिलाय, दोन्ही शिक्के आहेत. त्याच काट्यावर ९ किलो भरली. तिरकस बुडाचे बोल्ट आणि ५७.१ ची रिंग सोबत घेतली.

काल पहाटे पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळच्या पुढं रस्ता जिथं उखडलाय तिथं पूर्वी धाड धाड व्हायचं, आता एकच ठोका बसतो आणि गाडी लगेच शांत होते. स्टेअरिंग हातात जिवंत वाटतं. पिकअप मला तरी आहे तसंच वाटलं.

चिरलेल्या दोन रिमांना भंगारवाला बरा भाव देतोय. देऊन टाकू?

शिरोली_ओतकाम

अख्ख्या देऊ नका. कुणीतरी वेल्ड करून, रंग मारून दुसऱ्याच्या गाडीला बसवेल. इकडं आणा, कटरनं चार तुकडे करतो, मग खुशाल भंगारात घाला.

आरएस_राजारामपुरी

सोमवारी दहा वाजता दोन्ही घेऊन येतो, दादा.