डब्ल्यूईसी (लांब पल्ल्याच्या कारशर्यतींची जागतिक स्पर्धा): संघांना परवडतं का, आणि आपण आठही शर्यती बघायच्या का?

शेंगाचटणी_४१३
मंडळी, सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये जूनमधले ले मान्सचे 24 तास (फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत) मोठ्या पडद्यावर लावायचं घाटतंय. त्यावरून ग्रुपवर वाद पेटलाय. निम्मे म्हणतात, ले मान्स तेवढी खरी, बाकीच्या सात शर्यती नुसता भरणा. ही जागतिक स्पर्धा 1953 ला सुरू होऊन 1992 ला बंद पडली, 2012 ला पुन्हा उभी राहिली, आणि आता 2025 चा हंगाम संपल्यावर पोर्शचा कारखाना संघ हायपरकारमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातून, बाहेर. मग संघांना यात मिळतं काय? आणि प्रेक्षकाने वर्षभर मागे लागावं असं काय आहे? "थरार असतो" असली उत्तरं नकोत, हिशोब सांगा.

जॅकार्डवाला
1992 ला ती का बुडाली हे आधी बघा, उत्तर तिथंच आहे. ग्रुप सी हा गाड्यांचा वर्ग 1982 ला आला तेव्हा नियम इंधनावर होता, 1000 किमीच्या शर्यतीला 600 लिटर. इंजिन कुठलंही आणा. पोर्शने 956 आणि नंतर 962 गाड्या खासगी संघांना विकल्या, त्यामुळे रांग भरलेली असायची. योस्टच्या खासगी संघाने 1984 आणि 1985 ला ले मान्स जिंकली ती विकत घेतलेल्या 956 वर. पुढं 3.5 लिटरचं, टर्बो नसलेलं, फॉर्म्युला वनच्या धाटणीचं इंजिन सक्तीचं झालं. विकत मिळणारी गाडी संपली, खर्च चढला, आधी खासगी संघ गेले, मागोमाग कंपन्या.

दुसरा फटका 2016-17 चा. हायब्रिड एलएमपी1, म्हणजे तेव्हाच्या वरच्या वर्गाचा, खर्च एवढा फुगला की 2016 अखेर ऑडी आणि 2017 अखेर पोर्श बाहेर. वरच्या वर्गात कारखाना संघ म्हणून टोयोटा एकटी उरली.

आताच्या हायपरकारमध्ये दोन वाटा आहेत. एलएमएच म्हणजे सगळं स्वतःचं: चासी, इंजिन, हायब्रिड. फेरारी, टोयोटा, पूजो या वाटेने. एलएमडीएच म्हणजे सांगाडा डलारा, ओरेका, लिजिए किंवा मल्टिमॅटिक या चौघांपैकी एकाचा, हायब्रिड मोटर बॉशची, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा, सगळ्यांना सारखंच. कंपनीचं फक्त इंजिन आणि बाहेरचं रूप. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सूत आणि बीम बाजारातून उचलायचं, जॅकार्डवरची नक्षी आपली. एलएमएचवाला आधी सूतगिरणी काढतो. नियम ठरवताना एलएमडीएचसाठी इंजिन वगळून अख्ख्या गाडीला 10 लाख युरो असं लक्ष्य होतं. वरून तीच गाडी अमेरिकेतल्या इम्सा मालिकेत डेटोना, सेब्रिंगला पळते. एका गाडीवर दोन बाजारपेठा, म्हणून हिशोब बसतो.

बसत नाही तो एकेकट्याचा. 2025 पासून कंपनीला दोन गाड्या सक्तीच्या झाल्या. लॅम्बोर्गिनी एका गाडीवर होती, ती थांबली. इसोटा फ्राशिनी तर 2024 चा हंगामही पुरा करू शकली नाही. हा नियम मला चुकीचा वाटतो. रांग भरायची म्हणून दोन मागता, आणि एकवाला पण घालवून बसता.

हिपरगा_कट्टा
जॅकार्डवाले, गाडीची किंमत सांगितलीत, पण परवडत नाही ते तिला फिरवणं. 2025 चं वेळापत्रक घ्या: कतार, इमोला, स्पा, ले मान्स, साओ पाउलो, ऑस्टिन, फुजी, बहारीन. आठ शर्यती, चार खंड. कंटेनर समुद्रातून जातात, त्यामुळे पिटचं, म्हणजे गाडी थांबवून इंधन भरायच्या आणि टायर बदलायच्या जागेचं, सामान, जॅक, एअरगन, केबल यांचे एकाहून जास्त संच लागतात. एक संच साओ पाउलोला उतरत असतो तेव्हा दुसरा फुजीच्या वाटेवर.

आणि जाहिरातदार विचारतो एकच, ले मान्सला आहात का. तिथं तीन लाखांवर माणूस येतो. गुणसुद्धा तिथं दुप्पट, जिंकलात तर 25 ऐवजी 50. म्हणून जीटी3 वाल्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेली शर्यतीची गाडी पळवणाऱ्या, छोट्या संघाला माझं सांगणं असं: युरोपियन ले मान्स मालिका खेळा, तिथून 24 तासांचं आमंत्रण मिळवा, अख्ख्या जगाची वारी करू नका. जीटी3 गाडीच पाच-सहा लाख युरोच्या घरात जाते. एलएमजीटी3 मध्ये, म्हणजे या स्पर्धेतल्या जीटी3 वर्गात, एक ब्राँझ श्रेणीचा, म्हणजे हौशी चालक सक्तीचा आहे, आणि बहुतेक वेळा तोच पैसे भरतो. त्याला आपला धंदा सांभाळून आठ वेळा विमानात बसायला सवड असेल तरच पुढचं बोला.

पिटवॉल
मी जरा वेगळं मांडतो. बाकीच्या सात शर्यती नसतील तर ले मान्सला गाडी नीट उभीच राहत नाही. तीन उदाहरणं.

पूजो 9एक्स8 मागच्या विंगशिवाय आली. तो प्रयोग जमत नाही हे सहा-सहा तासांच्या शर्यतींत दिसलं आणि 2024 च्या इमोलाला विंग बसली.

2023 ला टायर तापवायच्या भट्ट्यांवर बंदी आली. स्पाला थंड टायरवर पिटमधून निघालेल्या गाड्या सरळ भिंतीला गेल्या, त्यात फेरारी पण होती. ते बघून त्या वर्षीच्या ले मान्सपुरती बंदी उठवली. स्पा नसती तर हे शिक्षण 300 च्या वेगाने मुल्सानच्या सरळीवर झालं असतं.

तिसरं, खासगी संघ. 2024 च्या स्पाला जोटाने विकत घेतलेल्या पोर्श 963 वर शर्यत जिंकली, कारखान्याच्या गाड्या मागे ठेवून. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकने आपल्या गाड्या त्यांच्या हाती दिल्या. लहान संघाला जागतिक स्पर्धेतून मिळतं ते हे, बक्षिसाची रक्कम नव्हे.

दुखणं आहे ते बीओपीचं, म्हणजे वजन आणि ताकद कमी-जास्त करून गाड्या बरोबरीत आणायचं. किमान वजन 1030 किलो, ताकद 500 किलोवॅटच्या आसपास, आणि 2024 च्या ले मान्सपासून ठराविक वेगाच्या वर ताकदीची वेगळी मात्रा. संघांनी यावर जाहीर बोलायचं नाही असा नियम आहे. म्हणून जिंकणाऱ्यावर संशय आणि हरणाऱ्याच्या तोंडाला कुलूप. फेरारीने 2023, 2024, 2025 असं लागोपाठ ले मान्स मारलं, तरी निम्मे लोक श्रेय बीओपीला देतात. प्रेक्षकाचा विरस इथं होतो.

आता बघायचं कसं. पहिला नंबर कोणाचा हे बघत बसलात तर दोन तासांत झोप लागेल. पडद्यावर प्रत्येक गाडीची उरलेली ऊर्जा टक्क्यात दिसते, तिच्यावर नजर ठेवा. चाकांच्या शाफ्टवर टॉर्क मोजणारे सेन्सर असतात, एका स्टिंटला, म्हणजे दोन थांब्यांमधल्या पल्ल्याला, किती मेगाज्यूल वापरायचे हे ठरलेलं असतं. 2025 ला विजेत्याच्या 387 फेऱ्या झाल्या. 12 फेऱ्यांचा स्टिंट धरला तर 32 थांबे, 13 चा धरला तर 29. एक थांबा मिनिटाच्या वर जातो. म्हणजे वळणाआधी लवकर पाय काढून प्रत्येक स्टिंटला एक फेरी जास्त ओढणारा माणूस तीन मिनिटं कमावतो, एकही ओव्हरटेक न करता. टायर इंधन भरून झाल्यावरच बदलता येतात, म्हणून तेच टायर दोन-तीन स्टिंट ओढणं हा दुसरा डाव. फसतो कधी? सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना हळू चालवणारी पुढची गाडी, आल्यावर. 2024 ला पावसात सेफ्टी कार चार तासांवर राहिली आणि फेऱ्या 311 वरच थांबल्या. सगळी गणितं पाण्यात.

शेंगाचटणी_४१३
लई भारी, पिटवॉल. मग वर्षात किती बघायच्या ते सांगून टाका. आणि हॉलसाठी काय लागंल?

पिटवॉल
ले मान्सच्या आधी इमोला किंवा स्पा, आणि हंगामाचा शेवट म्हणून बहारीन. दोन्ही दुपारी-संध्याकाळी येतात, आपल्या सोयीच्या. ऑस्टिन आपल्याकडे मध्यरात्र गाठतं, ते सोडा. फुजी रविवारी सकाळी, चहा-भजीबरोबर जमेल.

हिपरगा_कट्टा
हॉलचं मी सांगतो. सुरुवात शनिवारी संध्याकाळी साडेसातला, आपल्या वेळेनुसार. तिथली रात्र म्हणजे आपले साधारण दीड ते सकाळी साडेनऊ. खरी मजा त्याच वेळात, आणि हॉल रिकामा होतो पण त्याच वेळात. चालक बदलतात तशी माणसं पाळीने बसवा.

इंटरनेट: फुल एचडीला तासाला 3 जीबी धरा, 24 तासांचे 72 जीबी. मोबाइल डेटावर भागणार नाही, फायबर हवं. लाइव्ह टायमिंग दुसऱ्या स्क्रीनवर ठेवा.

वीज: जूनच्या वळवात लाइट जाणारच. प्रोजेक्टर 300 वॅट, लॅपटॉप, राउटर आणि स्पीकर धरून 500. 150 एएचची एक बॅटरी जेमतेम दोन-अडीच तास देते. दोन ठेवा, आणि पंखे त्यावर लावू नका.

तिकीट मात्र लावू नका. घरच्या वर्गणीवर सार्वजनिक खेळ चालत नाही, आधी लेखी विचारून घ्या.

जॅकार्डवाला
राउटर वेगळ्या छोट्या यूपीएसवर टाका ओ. बॅटरीवर जाताना क्षणभर लाइट मिचकावते, राउटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला दोन मिनिटं जातात, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी पिटला येतो.