नागपूरच्या उन्हाळ्यात निसर्गाची पुस्तकं कशी वाचावी?

फुटाळाकाठ: बारा ते पाच बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून या दिवसांत निसर्गावरची मराठी पुस्तकं निवांत वाचायची आहेत. अडचण अशी की दहा-पंधरा पानांतच झाडांची, पक्ष्यांची इतकी नावं येतात की डोळ्यांसमोर काही उभंच राहत नाही आणि पुस्तक बाजूला पडतं. सुरुवात कुठून करावी? सोबत काय ठेवावं?

धनेश: नावं अडतात ती वेगामुळे. कादंबरीच्या ओढीनं ही पुस्तकं वाचली तर हाती काही लागत नाही. एका बैठकीला आठ-दहा पानं पुष्कळ झाली. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ घ्या. बारा महिन्यांचे लेख आहेत, चैत्रापासून. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका, सध्या वैशाख आहे तर वैशाखच काढा. पहिल्या वाचनात नाव अडलं तरी थांबायचं नाही, भाषेचा नाद कानात बसू द्यायचा. आठवड्यानं तोच लेख पुन्हा घ्या आणि नागपुरात दिसतील अशी चार-पाच झाडंच पेन्सिलीनं खुणवा. मग सकाळी सातच्या आत महाराजबाग किंवा सेमिनरी हिल्स. बहावा फुललेला पाहून आलात की तिसऱ्या वाचनात तेच वाक्य उजळून निघतं. हा आनंद दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक लक्षात ठेवा. पुस्तकातला बहर आणि आपल्याकडचा बहर यांत मागेपुढे होतं, कारण पुस्तकातली किनाऱ्याकडची दमट हवा वेगळी आणि आपली कोरडी वेगळी. आपल्याकडे पळस साधारण फेब्रुवारी-मार्चात पेटतो, मोह मार्च-एप्रिलात गळतो. फरक दिसला तर समासात तारीख टाका.

मोहफूल: विदर्भातल्या वाचकानं मारुती चितमपल्लींपासून सुरू करावं. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या वनखात्यातल्या नोकरीची जंगलं, म्हणजे आपलीच. आधी त्यांचे सुटे लेख घ्या. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र जाडजूड आहे, ते मागाहून. ‘पक्षिकोश’ सलग वाचायचा नसतोच, तो हाताशी ठेवायचा.

पक्षी डोळ्यांसमोर आणायला आकारापासून निघा: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, मग रंग. नवखे रंगापासून सुरू करतात आणि फसतात, कारण सावलीत रंग बदललेला दिसतो आणि नर-मादीतही फरक असतो. दुपारी खिडकीतून एकसुरी टुक्‌ टुक्‌ टुक्‌ ऐकू आलं तर तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. भर उन्हातही थांबत नाही. ‘पक्षिकोशा’तलं त्याचं पान तेव्हाच उघडा. जूनच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ कानी आलं की पावशाचं.

सावलीतला: धनेशभाऊ, खुणा-तारखा नंतर होतील हो. ज्याला विसावा हवा त्याच्यासमोर लगेच अभ्यास नको. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ घ्या आणि नुसतं वाचा. एकाच जंगलात मुक्काम ठोकून जे दिसलं ते लिहिलंय. वाघ कधी येतो म्हणून पानं उलटत गेलात तर पदरी निराशा येईल. लेखकाच्या चालीनं गेलात तर मन थाऱ्यावर येतं, जंगल आपोआप गार वाटू लागतं. झोपण्याआधी तर याच्यासारखं पुस्तक नाही.

फुटाळाकाठ: मग वैशाख आणि ‘नागझिरा’ दोन्ही काढतो. आणखी एक. कूलरसमोर वाचताना पानं वाकडी होतात, त्याला काही उपाय?

जिल्दवाला: कूलरचा झोत अंगावर घ्या, पुस्तकावर नको. ओलसर हवेनं कागद फुगतो, रात्री कूलर बंद झाला की सुकतो, आणि रोजच्या या फुगण्या-सुकण्यानं पान लाटेसारखं वळतं. कपाट कूलरच्या समोरच्या भिंतीला नको, खिडकीच्या उन्हातही नको. नुसत्या गोंदावर बांधलेली जुनी पुस्तकं आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जास्त फाटतात. गोंद कडक झालेला असतो आणि मधोमध जोरानं उघडलं की पाठ तडकते. आधी पुढून थोडी पानं, मग मागून थोडी, असं दोन्हीकडून दाबत मध्यापर्यंत या. पालथं टाकून उठू नका, कागदाची पट्टी ठेवा. पावसाळ्याआधी कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर तो चुरा होईल इतका वाळवा. ओला राहिला तर कागद खाणारी कसर पळायची राहिली बाजूला, बुरशीच धरेल.