‘निःस्वार्थ देणं’ म्हणे! हिवाळी सणांचं गुळमुळीत कौतुक बास करा

खडूस_आजोबा
डिसेंबर लागला की ठरलेला मजकूर फिरायला लागतो. यंदाचा नमुना: ‘जगात कुठेही जा, हिवाळ्यात माणूस निःस्वार्थपणे देतो.’ त्याखाली इराणची यल्दा, जपानचा ओसेइबो, हॉलंडचा सिंटरक्लास, ज्यूंचा हनुका, छत्तीसगडचा छेरछेरा, इंग्लंडचा बॉक्सिंग डे अशी माळ आणि शेवटी हात जोडलेले. सकाळपासून तिघांनी पाठवला, म्हणून हे लांबण.

ओसेइबो आणि निःस्वार्थ? मी पाच वर्षं ओसाकात नोकरी केली आहे. डिसेंबरात साहेबाला, जुन्या गुरुजींना, ज्याचे उपकार आहेत त्याला खोकी जातात. म्हणजे भेट खालून वर चढते. पहिल्या वर्षी मी हौसेने साहेबांना कॉफीचा संच पाठवला, वर नोशीचा, म्हणजे भेटीवरचा शोभेचा कागद वगैरे लावून. दुसऱ्या वर्षी विसरलो. जानेवारीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी जिन्यात गाठून हळूच विचारतो, “साहेबांशी काही बिनसलंय का?” एकदा सुरू केलेलं असं मध्येच तोडायचं नसतं. याला मराठीत हप्ता म्हणतात.

यल्दाची लांब रात्र, डाळिंबं, फारसी कवी हाफिजच्या ओळी, सगळं गोड आहे. पण लग्न ठरलेल्या मुलीकडे मुलाच्या घरून सजवलेली ताटं जातात, त्यांना काय म्हणाल? आणि बॉक्सिंग डे! नोकराने नाताळच्या दिवशी मालकाचं जेवण वाढायचं आणि दुसऱ्या दिवशी बक्षिसाची पेटी घ्यायची. इंग्रज रोजनिशीकार पीप्सने १९ डिसेंबर १६६३ च्या नोंदीत जोडेवाल्याकडच्या पोरांच्या पेटीत काहीतरी टाकल्याचं लिहिलंय. वर्षभर पुरेसं द्यायचं नाही आणि डिसेंबरात पेटी वाजवायची. याला दान म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पानगळ
काका, कॉफीच्या एका खोक्यावरून अख्ख्या जगाला हप्तेखोर ठरवलंत! सिंटरक्लासचं नाव माळेत घेतलंत आणि पुढे सोयीस्कर गाळलंत.

मी हॉलंडात उत्रेख्तला शिकायला होते. ५ डिसेंबरच्या आधी चिठ्ठ्या टाकून नावं उचलतात. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी छोटीशी भेट आणि सोबत त्याची खेचणारी कविता, यमक जुळवून. खाली सही ‘सिंट’ची, म्हणजे भेटी आणणाऱ्या संत निकोलसची. मला आलेल्या कवितेत माझी सायकल, माझं उशिरा येणं आणि प्रत्येक वेळी ‘वारा समोरून होता’ हे माझं कारण, सगळं होतं. भेट काय, तर सायकलची घंटी. अकरा जणांसमोर मोठ्याने वाचावी लागली. कोणी दिली ते मला आजतागायत माहीत नाही. आता सांगा, यात कोणाचा हप्ता?

मुद्देसूद
सिंटरक्लासचे गोडवे गाताना झ्वार्ट पीट बरा विसरता येतो! तोंडाला काळं फासून, लाल ओठ रंगवून नाचणारे सिंटचे ‘मदतनीस’. इतकी वर्षं निदर्शनं झाली तेव्हा कुठे बऱ्याच ठिकाणी गालावर नुसती काजळी लावायला लागले. यावर बोला आधी.

पानगळ
आमच्या खोलीत पीट नव्हता. घंटी होती.

दोन_आणे
भावना बाजूला ठेवू. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली हिशोब मांडला होता. भेटीवर जितका खर्च होतो आणि घेणाऱ्याला ती जितक्या मोलाची वाटते, त्यातली तफावत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत. म्हणजे तेवढे पैसे हवेत गेले. त्यापेक्षा रोख द्या.

आणि या यादीत छेरछेरासारखे दारोदार मागायचे सण कशाला? न मागता देतात ते दान. मागून घेतात ती भीक.

पानगळ
घंटीचा एक तृतीयांश हवेत गेला असेल तर उरलेली अजून वाजतेय.

महानदी
दोन_आणे, भीक कोणाला म्हणताय? एवढा वेळ गप्प वाचत होतो.

माझं बालपण रायपूरजवळच्या गावात गेलं. पौषी पौर्णिमेला धान कोठीत पडलेलं असतं, तेव्हा पोरं झोळ्या, टोपल्या घेऊन निघतात. दारात उभं राहून ओरडतात, “छेरछेरा! माई कोठी के धान ला हेर हेरा!” म्हणजे कोठीतलं धान काढ. कोणी रेंगाळलं तर पुढचं: “अरन बरन कोदो दरन, जभे देबे तभे टरन.” देशील तेव्हाच हलू. भिकारी असं दटावतो का हो?

मी पाचवीत असताना जायला नकार दिला. शाळेतलं कोणी पाहील याची लाज. आजी काही बोलली नाही. तिने बाबांची बाजाराची पिशवी माझ्या हातात कोंबली, मनगट धरलं आणि थेट आमच्या शेतावर राबणाऱ्या काकांच्या दारात नेऊन उभं केलं. म्हणाली, ओरड. मी पुटपुटलो. “मोठ्याने!” तिसऱ्या वेळी आवाज फुटला. काकू सुपात धान घेऊन बाहेर आल्या आणि दोन ओंजळी माझ्या पिशवीत ओतल्या. दुपारी त्यांचा मुलगा आमच्या दारात तीच ओळ ओरडत होता आणि आजी त्याच्या टोपलीत ओतत होती. बसवा हिशोब कोणाचं किती वाया गेलं त्याचा.

दोन_आणे
चिडताय कशाला? शब्द चुकला असेल. पण तुमच्या कोठीत धान जास्त होतं, त्यांच्याकडे कमी. वर्षातून एकदा ओंजळींची अदलाबदल केल्याने जमिनीचा सातबारा बदलला का?

महानदी
नाही बदलला. मी कुठे म्हटलं बदलला? भीक म्हणालात, ते मागे घ्या.

खडूस_आजोबा
दोन_आणे यांचा प्रश्न बरोबर आहे. रोमन लोकही सॅटर्नेलिया या डिसेंबरातल्या सणात गुलामांना पंगतीला बसवून स्वतः वाढायचे. सण सरला की गुलाम पुन्हा गुलाम.

उगाचच
रोमपर्यंत पोचलोच आहोत तर माझंही एक दुखणं. हनुका यादीत कोणी घातला? मुलांना नाणी द्यायची पद्धत जुनी, पण भेटवस्तूंचा ढीग अमेरिकेत नाताळच्या शेजाराने वाढला. ज्यू सणांत देणं शोधायचं तर पुरिम घ्या. किमान दोन गरिबांना देणं बंधनकारक. आणि जो स्वतः दानावर जगतो, त्यालाही द्यावंच लागतं.

मुद्देसूद
पुरिम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. हिवाळा?

उगाचच
उत्तरेत तेव्हाही बर्फ असतो. तुम्ही धन्य आहात.

महानदी
स्वतः दानावर जगतो त्यालाही द्यावं लागतं, हे माहीत नव्हतं. आमच्या आजीला पटलं असतं.

दोन_आणे
बरं बाबा, भीक मागे घेतली. पण बॉक्सिंग डेला नोकराची पोरं मालकाच्या पेटीत काही टाकत नव्हती आणि मालकाची पोरं नोकराच्या दारात झोळी घेऊन जात नव्हती. त्यामुळे आजोबांचं तेवढं खरं.

खडूस_आजोबा
‘तेवढं’बद्दल आभारी आहे. छेरछेरा माझ्या यादीतून काढतो. सिंटरक्लासची घंटीही काढा हवी तर, कटकट नको. ओसेइबोवर मात्र मी ठाम आहे.

पानगळ
ठाम राहा. पण ओसाका सोडल्यावर तो हप्ता थांबला असेल ना?

खडूस_आजोबा
साहेब निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता त्यांच्याकडून माझं काहीच काम नाही. डिसेंबरात कॉफी जाते अजून. त्यांचं थरथरत्या अक्षरातलं पत्र येतं, त्यात दर वर्षी तेच, की डॉक्टरांनी कॉफी बंद केली आहे.

पानगळ
अहो, मग चहा पाठवा!

दोन_आणे
शंभर टक्के हवेत. वॉल्डफोगेलला कळवतो.

मुद्देसूद
झ्वार्ट पीटबद्दल अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.