डीडीआर५ सर्व्हरच्या एकाच रॅममध्ये सारखे एरर – अख्खा सेट बदलू का? (नाशिक)

अंबड_गिअर:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. जॉब कार्ड, सीएनसी प्रोग्राम, इन्स्पेक्शन रिपोर्ट, सगळं एका टॉवर सर्व्हरवर. डीडीआर५ रजिस्टर्ड (सर्व्हरची) ईसीसी रॅम, म्हणजे चुकलेला बिट ओळखून सुधारणारी, ३२ जीबीच्या चार स्टिक. ऊन वाढल्यापासून लॉगमध्ये एकाच स्टिकच्या नावाने ‘करेक्टेड एरर’ येतायत. सर्व्हर अजून एकदाही बंद पडलेला नाही. पुरवठादार म्हणतो चारही स्टिक बदला, जमलं तर बोर्डही. एवढा खर्च करण्याआधी कुणी नीट सांगेल का? शिवाय डिझाईनसाठी नवा पीसी घ्यायचाय, त्यात कोणती रॅम टाकावी?

गोदाकाठ:
दादा, बोर्डाला एवढ्यात हात लावू नका. करेक्टेड म्हणजे ईसीसीने बिट दुरुस्त करून दिला, डेटा शाबूत आहे. ‘अनकरेक्टेड’ दिसला तर मात्र ती स्टिक त्याच दिवशी काढा.

आधी ती स्टिक आणि शेजारची, यांची अदलाबदल करा. एरर स्टिकच्या मागे गेले तर दोष स्टिकचा, जुन्या स्लॉटलाच राहिले तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट बघायचं. लिनक्स असेल तर रासडीमन हा प्रोग्राम चालू ठेवा, कुठल्या स्टिकवर किती एरर आले ते नोंदवत राहतो.

दोष स्टिकचाच निघाला तरी ती लगेच टाकाऊ ठरत नाही. चिप बनवतानाच आत थोड्या जादा रो, म्हणजे मेमरी सेलच्या ओळी, ठेवलेल्या असतात. एखादी रो खराब झाली की तिचा पत्ता जादा रोकडे वळवता येतो. याला पोस्ट पॅकेज रिपेअर म्हणतात, डीडीआर४ पासून ही सोय आहे. ‘सॉफ्ट’ प्रकारातला बदल वीज गेली की पुसला जातो. ‘हार्ड’मध्ये चिपमधला फ्यूज कायमचा बदलतो, तो परत फिरवता येत नाही. बऱ्याच सर्व्हरच्या बायोसमध्ये याचं सेटिंग असतं आणि दुरुस्ती बूट होताना होते. म्हणजे नुसतं सेटिंग करून भागणार नाही, रीस्टार्ट द्यावाच लागेल. जादा रो मोजक्याच असतात, त्यामुळे दुरुस्तीनंतर त्याच चिपमध्ये दुसरीकडे एरर सुरू झाले तर मग ती स्टिक बदलाच.

सातपूर_मेंटेनन्स:
गोदाकाठ यांचं बरोबर आहे, पण पॉवरची बाजूही तपासा. डीडीआर४ पर्यंत रॅमचं व्होल्टेज बोर्ड तयार करायचा, १.२ व्होल्ट. डीडीआर५ मध्ये ते काम स्टिकवरच्या पीएमआयसी चिपकडे आलं. रजिस्टर्ड स्टिकला बोर्डाकडून १२ व्होल्ट मिळतात, साध्या डेस्कटॉप स्टिकला ५, आणि पीएमआयसी त्यातून १.१ व्होल्ट काढते. म्हणून दोन्हींची खाचही वेगळी आहे, एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. ही पीएमआयसी गेली तर अख्खी स्टिकच दिसेनाशी होते, तिथे रो बदलून काही होत नाही. तुमची स्टिक दिसतेय, म्हणून मलाही रोचाच संशय जास्त वाटतो.

ऊन वाढल्यावर सुरू झालं हे महत्त्वाचं. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे गळका कपॅसिटर, डीडीआर५ मध्ये तो साधारण ३२ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली की गळती वाढते आणि रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा लागतो. शॉप फ्लोअरवरच्या टॉवरमध्ये कूलंटची वाफ आणि बारीक धूळ मिळून पंख्यावर चिकट थर बसतो, तो आधी काढा. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बोट फिरवा. तेलकट लागलं तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. खोडरबर नको, तो मुलामा घासतो आणि भुगा स्लॉटमध्ये जातो. स्टिक काढण्याआधी प्लग काढून बोर्डवरचा दिवा पूर्ण विझू द्या.

कॅड_ताई:
नव्या पीसीबद्दल. दुकानात ‘डीडीआर५ म्हणजे ईसीसी आलंच’ असं सांगतील, ते मानू नका. ते ऑन-डाय ईसीसी. चिपच्या आत १२८ बिटांमागे ८ तपासणी बिट, एक बिट चुकला तर आतल्या आत सुधारतो. स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर त्याचं संरक्षण नाही, आणि विंडोजच्या लॉगमध्ये काही दिसतही नाही. तुमच्याकडे आज एरर वेळेत दिसले ते खऱ्या ईसीसीमुळे. ड्रॉइंगचं माप गुपचूप बदलणं परवडत नसेल तर ईसीसी यूडीआयएमएम (खरी ईसीसी असलेली डेस्कटॉप स्टिक) घ्या, पण प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही चालते का हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा मेमरी ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे प्रोसेसर रॅमशी सिग्नलचा मेळ जुळवत असतो. मध्येच बटण दाबू नका.

अंबड_गिअर:
मनापासून आभार सगळ्यांचे. बायोसमध्ये रिपेअरचं सेटिंग सापडलं, बंद होतं. साप्ताहिक सुट्टीला बॅकअप घेऊन आधी सफाई आणि अदलाबदल करतो. स्टिक वॉरंटीत आहे, मग दुरुस्ती करू की थेट क्लेम?

गोदाकाठ:
वॉरंटी असेल तर क्लेमच करा. आधी लॉगची प्रत काढून ठेवा, स्टिकचा सीरियल नंबर त्यात दिसला पाहिजे. बदली स्टिक हातात येईपर्यंत रिपेअर चालू करून काम चालवा.